वाटी वाजली की

पाटाचं पाणी कुणीतरी रात्रीतून रस्त्यावर सोडलं होतं. काळी माती लोण्यासारखी झाली होती आणि तपासनीस साहेबांची जीप तिच्यात निम्म्या चाकापर्यंत रुतली होती. साहेब बूट हातात घेऊन बांधावर उभे होते आणि तिथूनच ड्रायव्हरला अक्कल शिकवत होते. खेळवाली आली तेव्हा तिला बघून त्यांना काही आनंद झाला नाही. तिची स्कूटर बघून झाला.

"कारभाऱ्यांच्या घरापर्यंत सोडा," ते म्हणाले. "पण तुम्ही मधे बोलायचं नाही. शिकवणाऱ्यानंच तपासायचं असतं तर मी कशाला चिखल तुडवला असता?"

"मागं बसा," ती म्हणाली. "आणि बूट माझ्या पिशवीला लावू नका."

खेळवाली हे तिला गावानं दिलेलं नाव. ज्या लहान मुलांची वाढ वयाच्या मागं राहते, जी वेळेवर बसत नाहीत, चालत नाहीत, बोलत नाहीत, त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा जायचं, मुलाला शिकवायचं आणि मुलाला कसं शिकवायचं ते घरच्यांना शिकवायचं, हे तिचं काम. यातलं दुसरं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड, असं तिचं मत होतं. मुलं हळूहळू का होईना, शिकत. घरची माणसं तोंडावर "हो ताई" म्हणत आणि तिची पाठ वळली की पोराला पुन्हा कोपऱ्यात पोत्यावर टाकून देत.

कारभाऱ्यांचं घर त्यात पहिल्या नंबराचं. नातीला अडीच वर्षं पुरी झाली होती. उभी राहायची नाही, एक शब्द बोलायची नाही. खेळवाली पहिल्यांदा गेली तेव्हा म्हाताऱ्यानं तिची पिशवी काठीनं उचकून पाहिली होती.

"गोळी नाही?"

"नाही."

"इंजेक्शन?"

"नाही, कारभारी. एक स्टीलची वाटी द्या आणि चमचा द्या. तुमच्याच घरातला."

"वा! वाटी आमची, चमचा आमचा, पोरगी आमची. मग तुमचं काय?"

तिनं पोरीच्या हाताला वाटी वाजवायला शिकवलं. एकदा वाजवायची, थांबायचं, वाट बघायची. वाजली की घरातल्या माणसानं हातातलं टाकून तिच्याजवळ यायचं, हा नियम. हाकेला माणूस येतं हे पोरीला कळलं तरच ती हाक मारील, आणि हाक मारता आली तर कधीतरी शब्दही येईल. सून मान हलवून ऐकायची. पण सून आणि दोन्ही मुलगे सकाळी रानात जात ते दिवस कलल्यावर परतत. दिवसभर घरी कोण, तर गुडघे धरलेला हा म्हातारा. ओट्यावर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, "आमच्याकडं वाटी बडवायचा क्लास निघालाय."

तरी पोरगी सुधारत होती. कशी, ते खेळवालीला कळत नव्हतं. रात्री दमून आलेली सूनच काय ते करत असेल, असं तिनं धरलं होतं. म्हाताऱ्याला तिनं हिशेबातच घेतलं नव्हतं. ओट्याच्या खांबाकडून कुणी कामाची अपेक्षा धरतं का?

स्कूटर दारात थांबली. कारभारी धुतलेले कपडे घालून ओट्यावर बसले होते. साहेबांकडं बघून हसले, खेळवालीकडं बघून हसू निम्म्यावर अडकलं. खुर्चीत एक गुबगुबीत पोरगी पाय हलवत खाऊ खात बसली होती. खेळवालीनं तिला लगेच ओळखलं. शेजारच्या सुताराची पोर.

"ही आमची नात," कारभारी म्हणाले. ते बोलताना त्यांनी खेळवालीच्या डोळ्याला डोळा भिडवला, बोल आता काय बोलतेस ते, अशा नजरेनं. "बघा साहेब. चालते, बोलते. काही दोष नाही. उगीच दर आठवड्याला दारात स्कूटर उभी. लोक विचारतात, घरात काय आजार आहे? धाकट्याला स्थळं येतायत माझ्या. बंद करा हे."

सून दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं आणि ती जमिनीकडं बघत होती.

साहेबांनी पोरीला चालायला लावलं. ती चालली. बोट दाखवून विचारलं, "हे कोण गं?"

"म्हातारा," पोर म्हणाली.

"घरात सगळे तसंच म्हणतात," कारभारी घाईनं म्हणाले.

"आणि तुझी आई कुठंय?"

पोरीनं शेजारच्या घराकडं हात केला. "तिकडं. धुणं धुतीय."

"काकीला आई म्हणते," कारभारी म्हणाले. "माया हो, दुसरं काय."

खेळवालीला राहवेना. "साहेब, ही ती मुलगी नाही. ही सुताराची."

साहेबांनी कपाळाला आठी घातली. मधे बोलायचं नाही असं सांगूनही ही बोललीच. "फोटो आहे का तुमच्याकडं?"

"मुलांचे फोटो काढायचे नाहीत हा तुमच्याच ऑफिसचा नियम आहे."

"मग? घरचा कर्ता माणूस सांगतोय आपली नात म्हणून. तो खोटा आणि तुम्ही खऱ्या? तुमची एक केस कमी झाली तर तुमचं काम हलकंच होतंय की." त्यांनी पेन काढलं. एक घर कमी झालं की त्यांचंही काम हलकं होत होतं, पण ते काही ते बोलले नाहीत. "सूनबाई, ही तुमचीच ना?"

सुनेनं सासऱ्याकडं पाहिलं.

खेळवालीला त्या क्षणी सगळ्यांची सारखीच किळस आली. चिखलात बूट भरले म्हणून मूल निकालात काढणारा हा साहेब. जन्म देऊन गप्प राहणारी ही आई. आणि सोयरिकीसाठी स्वतःचं रक्त कुठंतरी दडवून ठेवणारा हा म्हातारा. कुठं ठेवलं असेल पोरीला? तिनं गोठ्याकडं नजर टाकली.

तेवढ्यात वाजलं.

टण्.

गोठ्यामागच्या चाऱ्याच्या खोलीतून. मग शांत.

"शेळी आहे," कारभारी मोठ्यांदा म्हणाले. "सारखी बादलीला लाथ मारते. तर साहेब, तुम्ही सही केलीत की चहा घेऊ. मी काय म्हणत होतो, यंदा पाण्याची पाळी..."

टण्. मग पुन्हा शांत.

बादलीला लाथ मारणारं जनावर असं थांबत नाही. एकदा वाजवायची, थांबायचं, वाट बघायची. पोरगी अंधारात बसून नियम पाळत होती आणि नियम शिकवणारी बाहेर अंगणात उभी होती. अजून दोनदा-तीनदा वाजवील. कुणी आलं नाही की चमचा टाकून देईल, आणि मग आठ महिन्यांत कमावलेलं सगळं त्या चाऱ्यात जाईल. साहेबांची सही तिच्या डोक्यातून केव्हाच गेली होती. ती निघाली, तशी म्हाताऱ्याची काठी आडवी आली.

"बसा तिथंच. दुसऱ्याच्या गोठ्यात शिरायचं काय काम आहे तुमचं?"

"काठी काढा, कारभारी."

"नाही काढत. साहेब, बघा ही बाई. हिला गोठ्यातलं पण..."

टण्.

"...आलो गं, आलो!"

म्हाताऱ्याच्या तोंडून निघालं आणि म्हातारा उठलासुद्धा. काठी ओट्यावरच राहिली. एक हात दुखऱ्या गुडघ्यावर दाबत तो पायऱ्या उतरून अंगणाच्या मधोमध आला, आणि तिथं त्याला आपण काय करून बसलो ते कळलं. तो जागच्या जागी थांबला.

साहेबांचं पेन कागदाच्या वर थांबलं होतं. "कारभारी, शेळीला आलो म्हणता?"

म्हातारा लाल झाला. मागं फिरावं तर तोंड दाखवायला जागा नाही, पुढं जावं तर सगळं उघडं पडणार. त्यानं एकवार सुनेकडं पाहिलं. ती आता जमिनीकडं बघत नव्हती, त्याच्याकडंच बघत होती.

टण्.

"येतोय ना! दम काढ की जरा, भवाने!" म्हातारा ओरडला आणि लंगडत गोठ्यामागं गेला.

परत आला तेव्हा कडेवर नात होती. केसांत वाळल्या चाऱ्याच्या काड्या, मुठीत चमचा, वाटी छातीशी. रडत नव्हती. हाक मारली, माणूस आलं, त्यात रडण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. तिला ज्या सराईतपणे त्यानं कडेवर सरकवून बसवलं त्यावरून कुणालाही दिसलं असतं की तो तिला आज पहिल्यांदा उचलत नव्हता.

"दिवसभर तुम्हीच जात होता?" खेळवालीनं विचारलं.

"मग काय भूत जात होतं?" म्हातारा फिसकारला. "सगळे रानात. ही तुमची विद्यार्थिनी दिवसभर टण् टण्. जेवायला बसलो की टण्. डोळा लागला की टण्. हागायला जाऊ देत नाही माणसाला. आणि नाही गेलं तर अशी बघते, अशी बघते..." त्यानं सुताराच्या पोरीकडं हात झटकला. "तू जा गं घरी. खाऊ संपव आणि जा. काडीचा उपयोग झाला नाही तुझा."

साहेबांनी लिहिलेली ओळ खोडली. त्यांना चहा हवा होता, पण तो आता मिळेल असं दिसत नव्हतं. "चालू ठेवतो," ते कुणाकडंही न बघता म्हणाले आणि बूट घालू लागले.

म्हाताऱ्याला सुनावायला खेळवालीनं दोन-चार धारदार वाक्यं मनात तयार ठेवली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं, याचा तिला राग आला.

"पुढच्या खेपेला स्कूटर मागच्या बांधावर लावा," म्हातारा म्हणाला.

"दारातच लावणार."

"लावा! तोरण पण बांधा तिला. सोयरीक तर गेलीच."

नातीनं त्याच्या कडेवरूनच वाटी वाजवली. टण्. आणि थांबून आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघू लागली. सून चौकटीतून सुटून पुढं निघाली. म्हाताऱ्यानं तिला हातानं थांबवलं.

"तू नको. या बाईंना उठू दे." खेळवाली पायरीवर टेकली होती. तिच्याकडं तो असा बघत होता, जसं कुणी कामचुकार गड्याकडं बघतं. "आठ महिने मला पळवलंत. नियम काय फक्त आम्हालाच आहे? पोरीला तहान लागलीय. माठ आत डावीकडं आहे. उठा."

खेळवाली उठली.