पेल्याच्या तळाशी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर पुडीवाले महाराज, पुढ्यात टेबल आणि टेबलावर एका मधुमेही भक्ताच्या लघवीचा पेला. होय, लघवीचाच, महाराजांच्या चमत्काराला दुसरं काही चालत नसे. शिष्याने तपासणीची पिवळी पट्टी त्यात बुडवून वर धरली. साखर असती तर ती हिरवी झाली असती. ती पिवळीच राहिली.

"पाहा! काल हिरवी, आज कोरी!" महाराज गरजले. "साखर गेली कुठे? पुडीने खाल्ली! आता आठ दिवस अंगाला सुई लावायची नाही. पुडी पाण्यातून घ्यायची. आणि लघवी धरण्याआधी चिमूटभर पुडी पेल्यात टाकायची. पेला शुद्ध नको का?"

टाळ्यांचा नुसता पाऊस. मागच्या रांगेत औषधांचा दुकानदार गालातल्या गालात हसत होता. सगळी गल्ली त्याला त्याच्या धाकट्या बहिणीसारखंच दादा म्हणायची. बहीण शेजारीच होती. सोळाव्या वर्षापासून रोज इन्सुलिन टोचून घेणारी, मांडीवर टोचायला जागा न उरलेली.

"त्यांच्या पट्ट्या खोट्या असतील," तो पुटपुटला.

"मग तुझ्या दुकानातली आण ना," ती म्हणाली. "तू सांगशील ते मी मानेन."

दुसऱ्या दिवशी तो सीलबंद डबी घेऊन तिच्या घरी गेला. तिने न्हाणीघरातून पेला आणून दिला. पट्टी पिवळीच! त्याने दुसरी बुडवली, तिसरी बुडवली. तोंडात मारल्यासारखा तो बघत राहिला.

"साखर नाही गं," तो म्हणाला.

ती रडायलाच लागली. वीस वर्षांत तिला इतकं आनंदात त्याने पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने सुई घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. "महाराज म्हणाले, घाण बाहेर पडतेय," ती म्हणाली. त्याने पुन्हा पट्टी बुडवली. कोरी. त्याने उलटीची गोळी दिली. रक्तातली साखर मोजायचं यंत्र त्याच्या पिशवीत होतं, पण त्यासाठी बोटाला टोचावं लागलं असतं, आणि आठ दिवस सुई नको असं तिने हात जोडून सांगितलं आणि त्याचं मन मोडवेना. चौथ्या दिवशी दुपारी तिला रुग्णालयात नेलं तेव्हा रक्तात साखर मावत नव्हती. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

याच रुग्णालयात तो दर शनिवारी शिकायला यायचा. औषध दुकानदारांनी नुसत्या गोळ्या न देता रुग्णाची काळजी पुरावा पाहून कशी घ्यावी, असा तो वर्ग. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं होतं, "उपचार पट्टीवर करायचे नाहीत, माणसावर करायचे. तपासणी कशाने चुकू शकते, हे आधी विचारा." बावीस वर्षं गल्ल्यामागे उभा राहिलेला हा गडी मनात म्हणाला होता, मला कोण शिकवणार! तरी त्याने वहीत वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

पुढच्या शनिवारी त्याने बाईंसमोर पुडी ठेवली. बाईंनी पुडी उघडलीही नाही. "पेल्यात लघवीशिवाय काय होतं?" एवढंच विचारलं.  त्याने पुडीतली चिमूट जिभेवर ठेवली. आंबट होती.

रविवारी तो थेट मंचावर चढला. शिष्य अडवायला आले, पण गल्लीतली माणसं ओरडली, "दादा आहे तो, बोलू द्या!" त्याने दोन पेल्यांत ग्लुकोजचं, म्हणजे लघवीत उतरते त्याच साखरेचं, पाणी ओतलं. एकात पट्टी बुडवली, ती हिरवी झाली. दुसऱ्यात खिशातली गोळी चुरून टाकली, ढवळली आणि नवी पट्टी बुडवली. ती पिवळीच राहिली. सभागृहात कुजबुज झाली.

"ही पुडी नाही. व्हिटॅमिन सीची गोळी आहे, माझ्याच दुकानातली, पोरं चघळतात ती." त्याने तो पेला पुढच्या म्हातारीला दिला. "आजी, चाखा."

"अगोबाई! पाकच की!"

"म्हणजे साखर आहे. पट्टीला दिसत नाही. ही आंबट पूड पट्टीचा रंगच चढू देत नाही. महाराजांची पुडीही अशीच आंबट आहे, आणि काल मी ती याच पाण्यात टाकून पाहिली, पट्टी पिवळीच राहिली. पेला शुद्ध करायला ती टाकायला सांगतात, ते एवढ्यासाठी."

महाराज उठून उभे राहिले. मग ते म्हणाले, "तुझी बहीण गेली, म्हणून तू बिथरलास. तिची श्रद्धा कमी पडली."

"तिची श्रद्धा तुमच्यावर नव्हतीच, महाराज. माझ्यावर होती." तो लोकांकडे वळला. "मी सांगितलं, साखर नाही. मी पट्टीकडे बघितलं, तिच्याकडे नाही. तिला धाप लागली होती आणि मी पट्टीकडे बघत होतो."

महाराज मागच्या दाराने गेले, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. दादाने डोळे पुसले.

"सुई बंद केली असेल त्यांनी आत्ता रुग्णालयात चला. आणि इथून पुढे कोणी काहीही सांगितलं, महाराजांनी, डॉक्टरांनी किंवा मी, तर विचारा, कशावरून? उत्तर मिळेपर्यंत चालू औषध सोडू नका. माझ्या बहिणीने मला ते विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही."

सातजण उठले. तो त्यांच्याबरोबर रुग्णालयापर्यंत चालत गेला, वाटेत प्रत्येकाला शेवटची सुई कधी घेतली ते विचारत.