दोनदा इस्त्री केलेले अभ्रे

पुतणीच्या पत्राला काकांनी दीड वर्षात उत्तर दिलं नव्हतं. पत्र तसं चार ओळींचं. "काका, आई जाऊन वर्ष झालं. ती निवांत बसलेली मला एकदाही आठवत नाही. आमच्यासाठी राबण्यातच तिचा जन्म गेला की काय, हे मनाला लागून राहिलंय. तुम्ही त्या घरात होतात. आई कधी खूश होती का? खरं सांगा."

काकांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. स्वतः लिहायला बसले की त्यांना चुकांशिवाय काही दिसतच नसे. 'त्यागमूर्ती' लिहिलं, खोडलं. 'कष्टाळू' लिहिलं, तेही खोडलं. चौदा खर्डे टोपलीत गेले.

"अहो, वाट बघून म्हातारी होईल ती पोर," शर्टाला इस्त्री करता करता काकू म्हणाल्या.

"लिहितोय ना."

"दीड वर्ष? एवढ्यात लोक ग्रंथ लिहून मोकळे होतात!"

काका वरमले. काकूंच्या फिरत्या हाताकडे बघत राहिले आणि एकाएकी म्हणाले, "वहिनी अभ्रे दोनदा करायची."

"म्हणजे?"

दादाच्या पगारात सात माणसांचं भागेना, म्हणून वहिनीनं एका लॉजच्या चादरी आणि उशांचे अभ्रे इस्त्रीला घरी आणायला सुरुवात केली होती. पहाटे सगळ्यांचे डबे, मग धुणं, आणि दुपारी पुढच्या खोलीतल्या टेबलावर जाड घोंगडी अंथरून इस्त्री. कोपऱ्यात धाकटा दीर पुस्तकात डोकं खुपसून बसलेला. चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे.

"भाऊजी, मोठ्यानं वाचा की," वहिनी एकदा म्हणाली. "या चादरी काही हसायच्या नाहीत तुम्हाला."

त्यानं चाचरत वाचलं. मग ते रोजचंच झालं. प्रकरण संपायच्या आत गठ्ठा संपला, तर वहिनी झालेले अभ्रे पुन्हा उलगडी, त्यांवर पाणी शिंपडी आणि परत इस्त्री फिरवू लागे.

आतून सासूबाई ओरडत, "अगं, संपलं की नाही?"

"आले हं! चारच राहिलेत!" आणि मग हळूच, "वाचा, वाचा. त्या चोराचं काय झालं?"

काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली. "हे लिहिलंत?"

"हे काय लिहायचं? किरकोळ आहे. शिवाय आमच्या दोघांचं गुपित होतं ते."

"कमाल आहे तुमची! पोरगी तिकडे झुरतेय, आणि हे गुपित राखत बसलेत. तिनं दुसरं काय विचारलंय?"

काका टेबलाशी बसले आणि न थांबता लिहीत गेले. शेवटी लिहिलं, "दुपारी तीन ते चार. तू तेव्हा शाळेत असायचीस. आई बसलेली तुला आठवणार नाही, कारण खूश असतानाही ती उभीच असायची."

मग चष्मा पुसून त्यांनी कागद वाचला. "दोन चुका आहेत. पुन्हा उतरवून काढतो."

काकूंनी कागद ओढून घेतला, पाकिटात घातला, डिंक लावला आणि वरून कोमट इस्त्री टेकवली. "आता काढा चुका!"

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी काकांचा हात जरा अडला. चोराचं काय झालं, ते लिहायचं राहिलंच होतं. असू दे, विचारील ती. त्यांनी पाकीट आत सोडलं.