मशीन म्हणतंय, पिशवी काढा

मित्रांनो, मी एक जुने सोनोग्राफीचे यंत्र आहे आणि मला फार राग आलेला आहे. यंत्राला राग येत नाही, असे तुमच्या पुस्तकात लिहिले असेल. आधी माझी हकीकत ऐका.

माझी घडण दूरच्या एका शहरात झाली. साध्या सोनोग्राफी यंत्राला पोटातले चित्र तेवढे दिसते. माझ्यात कृत्रिम बुद्धिमत्ता बसवलेली होती, म्हणून चित्र पाहून मी अंदाजही सांगत असे. गर्भाशयाची हजारो चित्रे दाखवून मला शिकवले गेले. ती ज्या बायकांची होती, त्यांना कोणी विचारले नव्हते. माझे उत्तर म्हणजे एक आकडा असे. असे चित्र असणाऱ्या शंभर जणींपैकी किती जणींना कर्करोग निघू शकतो, तो आकडा. तो तीसच्या वर गेला की कागदावर लाल पट्टी उमटे. तिचा अर्थ एवढाच, की या बाईची पुढची तपासणी करा. गर्भाशय काढा, असे म्हणायला मला कोणी शिकवलेच नव्हते.

बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात मी आले, तेव्हा दुष्काळाचे तिसरे वर्ष होते. चेअरमन सुंदररावांनी मला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, पेढे वाटले. पेपरात माझा फोटो आला. मी हरखून गेले होते, हे कबूल करते.

दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या बायकांची रांग लागे. गावात आठवड्याला एक टँकर येई. प्यायलाच पाणी नाही, तिथे अंग धुवायला कुठले? म्हणून पोटदुखी आणि अंगावरून पांढरे जाणे हे घरोघरचे दुखणे झाले होते. गोळ्यांनी बरे होणारे दुखणे!

एके दुपारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी दार लावून घेतले, मला बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला आणि माझी तीसची खूण तीनवर आणली. कागदावरचा आकडाही काढून टाकला, लाल पट्टी तेवढी ठेवली. ऑपरेशनमागे दवाखान्याला विम्याचे पैसे मिळत. ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमालाही पाळी नसलेली बाई हवी असे, कारण तिचा खाडा होत नाही.

मग जी येईल तिचा कागद लाल. चतुराबाई आली, तेव्हा तिचे वय चौतीस होते. डॉक्टर म्हणाले, "मशीन म्हणतंय, पिशवी काढा. नाहीतर कॅन्सर." इंग्रजी कागदावर तिचा अंगठा घेतला आणि गर्भाशय काढून टाकले. तिचा आकडा चार होता. तो माझ्या पोटात होता आणि मला तोंड नव्हते.

पुढच्या वर्षी तिची धाकटी जाऊ सिंधुबाई आली. सातवी शिकलेली. थोरल्या जावेचे वर्षभराचे कण्हणे तिने ऐकले होते.

"मशीन म्हणतंय, पिशवी काढा," डॉक्टर म्हणाले.

"मशीन म्हणतंय म्हंजी कोण म्हणतंय?"

"मशीन चुकत नसतं, बाई. अंगठा दे."

"मला सही येती. पर वाचल्याबिगर करत न्हाई. मराठीत लिव्हून द्या, अन् खाली तुमचं नाव टाका."

"माझं नाव कशाला? सांगितलं मशीननं."

"मंग उद्या माझं काय बरंवाईट झालं, तर माझ्या लेकरांनी कुणाच्या दारात बसायचं? ह्या डब्याच्या?"

डॉक्टरांनी नाव टाकले नाही. सिंधुबाई उठली, एसटीने बीडला गेली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासले आणि चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुखणे गेले. पण ती घरी गप्प बसली नाही. वाड्यावस्त्यांवर फिरून तिने पिशवी काढलेल्या अकरा बायका गोळा केल्या आणि कलेक्टर कचेरीत अर्ज दिला.

चौकशी बसली. डॉक्टर म्हणाले, यंत्राने सांगितले. कंपनीचा वकील म्हणाला, निर्णय डॉक्टरांचा, करारात तसे लिहिले आहे. सुंदरराव म्हणाले, आम्ही समाजसेवा म्हणून यंत्र घेतले. तिघे शिकलेले, तिघांची बोटे दुसऱ्याकडे! शेवटी चौकशीच्या अधिकारी बाईंनी माझ्यातली नोंदींची साठवण उघडायला लावली. प्रत्येकीचा आकडा त्यात होता. खूण कोणी, कोणत्या तारखेला बदलली, तेही होते. त्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचले. चतुराबाईचे आले.

"शंभरात चार," त्या म्हणाल्या.

"म्हंजी शहाण्णव चांगल्याच?" चतुराबाईने विचारले. "अन् मला हे कुणीच काहून सांगितलं न्हाई?"

अधिकारी बाईंनी तिचा प्रश्नही कागदावर लिहून घेतला.

डॉक्टरांचा परवाना थांबवला गेला. डॉक्टर आणि कंपनी, दोघांवर कोर्टात खटला चालू आहे. सुंदरराव पुन्हा चेअरमन झाले. मला पुरावा म्हणून सील ठोकून कोठडीत ठेवले आहे. सिंधुबाई आणि तिच्यासोबतच्या बायका आता कोणत्याही बाईला दवाखान्यात एकटीला जाऊ देत नाहीत. कागद मराठीत वाचून घेतात, डॉक्टरचे नाव लिहून घेतात, मगच सही.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या माझ्यासारखी यंत्रे बनवतील, कोणी ती चालवतील. आम्ही अंदाज सांगतो. तो अंदाज ज्याच्या शरीराचा आहे, त्याच्यापासून लपवू नका. निर्णय घ्याल, तर त्याखाली आपले नाव लिहायची छाती ठेवा. ती नसेल, तर माणसाच्या अंगाला हात लावू नका.

चतुराबाई या हंगामातही तोडीला गेली आहे. उसाची मोळी डोक्यावर घेताना तिला दोघींनी धरावे लागते.