मास्तरांचा चष्मा

चष्म्याची डबी छातीशी धरून ताई गर्दीत घुसली आणि कोपरांनी वाट काढू लागली. दवाखान्यातली परिचारिका ती. अंगात अजून पांढरा डगला होता आणि धाकट्या भावावरचा राग नाकाच्या शेंड्यावर. स्वारी सत्ता उलथवायला निघाली होती आणि चष्मा घरी विसरली होती.

चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. गोदीतले हमाल, शिंपी, ट्रामचालक, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सगळे मास्तरांची वाट बघत होते. मास्तर म्हणजे ताईचा हा भाऊ. परवा-परवापर्यंत शाळेत चित्रकला शिकवायचा, आज त्याच्या शब्दावर शहरभरचे कारखाने बंद होते. त्याची रीत सगळ्यांना पाठ होती. चौकातल्या ओट्यावर चढायचं, चष्मा काढायचा, सावकाश पुसून खिशात ठेवायचा आणि म्हणायचं, चला. मग लाठ्या असोत की बंदुका, माणसं निघायची. इतक्या शांतपणे काच पुसणारा माणूस कशाला घाबरणार, असं लोक एकमेकांना कौतुकाने सांगत.

ओट्यापाशी चळवळीतले पुढारी एकमेकांवर खेकसत होते. त्यांच्यापैकी वकिलाने ताईला बाजूला घेऊन सांगितलं की मास्तरांना सकाळीच वाटेत उचललं. आत्ता ते पुलापलीकडच्या तुरुंगात आहेत, संध्याकाळी किल्ल्यावर नेणार. किल्ल्यावरून आजवर कुणी परत आलं नव्हतं. आज लोक पुलावर गेले तरच काही आशा होती. वकील स्वतः दोनदा बोलून झाला होता. मुद्दे बिनतोड, आवाज खणखणीत, पण माणसं ढिम्म हलली नव्हती.

पलीकडचा तुरुंग दिसतो का बघायला ताई ओट्यावर चढली. डोळे भरून आले, पुढचं काही दिसेना. हातांना काहीतरी हवं म्हणून तिने डबी उघडली. काचांवर नेहमीसारखे रंगाचे शिंतोडे, बोटांचे ठसे. लाख वेळा सांगून झालं होतं याला. तिने डगल्याच्या टोकाने काचा पुसायला घेतल्या.

चौक शांत होत गेला. तिचं लक्षच नव्हतं. चष्मा स्वच्छ करून तिने खिशात टाकला आणि भावाला तो पोचवायचाच म्हणून खाली उतरून पुलाकडे निघाली. मागे एकच गर्जना उठली. ताईने वळून पाहिलं, तर अख्खा चौक तिच्यामागे चालत होता!

पुलावर शिपायांनी बंदुका रोखल्या. अधिकाऱ्याने कुठे निघालात म्हणून दरडावलं.

"भावाला चष्मा द्यायचाय," ताई म्हणाली. "त्याला त्याच्याशिवाय दिसत नाही."

अधिकाऱ्याने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. ट्राम हाकणारे, ओझी वाहणारे, माणसांना शेवट नव्हता. एका शिपायाने बंदूक खाली केली, मग शेजारच्याने. खरं सांगायचं तर आयुष्यात ताईला इतका आनंद कधी झाला नव्हता. लोक धावत सुटले. तुरुंगाच्या पहारेकऱ्यांनी तो लोंढा पाहिला आणि दार आतूनच उघडलं.

मास्तर डोळे किलकिले करत बाहेर आला.

"निघाले कसे हे? वकील बोलला?"

"मी चष्मा पुसला."

तो इतका हसला की भिंतीला टेकावं लागलं. हसू ओसरल्यावर तिच्या कानाशी वाकला.

"ताई, एवढी माणसं दिसली की माझी जीभ टाळ्याला चिकटते गं. चष्मा काढला की सगळं धूसर होतं. मग बोलता येतं."

"शाळेत कविता म्हणताना अडकलास तेव्हापासून माहीत आहे मला," असं म्हणत तिने चष्मा त्याच्या नाकावर चढवला. "आज बघ."

त्याने पाहिलं. पुलापर्यंत, पुलापलीकडे, चौकाच्याही पुढे. प्रत्येकाचा चेहरा वेगळा होता. नजर न वळवता त्याने चाचपडत ताईचा हात धरला. ओठ हलले, शब्द फुटला नाही.

पुढच्या रांगेतल्या ट्रामचालकाने थोडी वाट पाहिली. मग तोच हळूच म्हणाला,

"चला, मास्तर."