चौघे रदवान बुरुलुसी

रशीद गावात बुरुलुसी आडनाव सांगितलं की चहाच्या दुकानात लोक उठून खुर्ची द्यायचे. बैठकीच्या भिंतीवर त्या आडनावाची मोठी माणसं ओळीने टांगलेली: काझी रदवान, डोळ्यांचे डॉक्टर रदवान, कुराणपठणासाठी कैरोपर्यंत नावाजलेले शेख रदवान. शेवटचा वफियाचा थोरला दीर, इंजिनियर रदवान, दोन वर्षांपूर्वी नाईलमध्ये बुडालेला. चौघांपैकी एकानेही चाळिशी पाहिली नव्हती. गाव त्यांचं मोठेपण सांगायचं. वफिया त्यांची वयं मोजायची.

आज तिच्या बाळाचा सातवा दिवस. संध्याकाळी तीन मेणबत्त्या लागणार, प्रत्येकीला एक नाव. शेवटपर्यंत जळेल तिचं नाव बाळाला. सासूने, हाज्जा दौलतने, रदवान आणि गलाल अशी दोन ठरवली होती. तिसरं वफियाचं.

"तमीम? हे कुठून उचललंस गं? आमच्या भिंतीवर तर नाही!"

"म्हणूनच, हाज्जा."

"बघा, बाळंतिणीला जीभ फुटली!" नणंद हसली.

दुपारी बायका पाहुण्यांसाठी दाणे-मिठाईच्या पिशव्या भरत असताना वफियाने रदवानची मेणबत्ती बुडाकडून बोटभर कापली. भिंतीकडे तिने पाहिलं नाही.

संध्याकाळी गलालची मेणबत्ती आधी विझली, मग रदवानची. तमीमची जळत राहिली. बायकांनी आनंदाचे चीत्कार केले. रिवाजाप्रमाणे बाळाला चाळणीत निजवून हाज्जाने पितळी खलबत्ता त्याच्या कानाशी दणदण वाजवला.

"तमीम, आईचं ऐक! तमीम, बापाचं ऐकू नकोस!"

एवढ्या दणदणाटातही बाळ हललं नाही. बायकांचं हसू ओसरलं. हाज्जाचे डोळे भरून आले आणि तिच्या तोंडून, नकळत, निसटलं, "ऊठ रे, रदवान."

बाळाने डोळे उघडले. सरळ तिच्याकडे पाहिलं.

"वेडी झालेय मी," हाज्जा डोळे पुसत म्हणाली. "थोरल्याला अशीच उठवायची."

वफियाने बाळाला उचललं, आतल्या खोलीत नेलं, ओढणीखाली घेतलं. दुधाने छाती ठणकत होती. बाळ तोंड लावेना.

"तमीम. माझ्या राजा, तमीम."

त्याने मान फिरवली. ओठ कोरडे पडले होते. तिने पुन्हा पुन्हा हाक मारली. बाहेर पाहुणे नव्या नावाने दुआ देत होते.

शेवटी तिने दार लोटलं, त्याच्या कानाशी वाकली आणि भिंतीलाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "रदवान."

बाळ प्यायला लागलं.