पवना नावाचं विमान

थेरगावची खालची आळी वाचली. एकही माणूस बुडाला नाही, एकही म्हैस वाहून गेली नाही, आणि हे सगळं विमानं पाडण्यासाठी बनवलेल्या एका यंत्रामुळे झालं.

आता हे झालंच नाही असं समजा. लष्करानं तसंच समजलेलं आहे, आणि लष्कराशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे तोफा असतात.

तर सत्तावन्न सालचा श्रावण. काहीही झालेलं नाही. पिंपरीच्या माळावर नवे कारखाने उभे राहत होते, आणि त्यांच्याही पलीकडे लष्कराच्या एका तळावर उद्धवराव नावाचा परभणीकडचा इंजिनिअर एका लोखंडी पेटीच्या प्रेमात पडला होता. पेटी रेड्याएवढी, रेड्याच्याच रंगाची, आणि जागची हलवायची म्हटलं तर तेवढीच हट्टी. महायुद्धात ती तोफेशेजारी बसायची. दोघा जवानांनी मुठी फिरवत आभाळातल्या विमानावर दुर्बीण धरून ठेवायची. आतली दातेरी चाकं त्या मुठींवरून विमानाचा वेग ओळखायची, उंची जमेस धरायची आणि तोफगोळा वर पोचेल तेव्हा विमान कुठे असेल ते सांगायची. आहे तिथे नव्हे, असेल तिथे. तेही क्षणात, न चिडता आणि चहा न मागता.

"माणसाला समोर आहे तेच धड दिसत नाही राव," उद्धवराव म्हणायचा, आणि पेटीवरून फडकं फिरवायचा.

पण स्वातंत्र्य आलं आणि विमानं काही आली नाहीत. पेटी कागदोपत्री भंगारात निघाली. सोमवारी गाडी येऊन तिला घेऊन जाणार होती.

उद्धवरावानं हार मानली नव्हती. त्याचं म्हणणं, नदी म्हणजे तरी काय? अतिशय हळू आणि अतिशय खालून उडणारं विमान. त्यानं आतली काही चाकं बदलली. वरच्या अंगाच्या पुलापाशी पवनेचं पाणी जसं चढेल तशी मूठ फिरवायची, की काटा सांगायचा, हे पाणी थेरगावात कधी आणि कुठवर येणार. आषाढातल्या पुरात काटा म्हणाला, मारुतीच्या पायरीपर्यंत. पाणी आलं, पायरीला शिवलं आणि सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं मुकाट मागे गेलं. त्या दिवशी उद्धवराव पेटीच्या पाया पडला होता. पेटीला पाय नव्हते, हा भाग वेगळा.

पुलावरून टेलिफोनवर पाण्याची खबर द्यायला तिथला चौकीदार दत्तोबा होता. खांबावरचे फुटांचे आकडे पुरात धुऊन गेले होते, म्हणून तो विहिरीचं पाणी मोजतात तसं पुरुषात मोजायचा. एक पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस. हा माणूस खुद्द दत्तोबा, आणि दत्तोबा बुटका. त्यामुळे उद्धवरावानं यंत्राची तबकडी फुटांवरून काढून दत्तोबावर बसवली होती.

शनिवारी दुपारी दत्तोबाची खबर आली, उद्धवरावानं मूठ फिरवली, आणि काटा मारुतीची पायरी, मारुती, मारुतीचं देऊळ असं सगळं ओलांडून खालच्या आळीच्या कौलांवर जाऊन थांबला. वेळ दिवेलागणीची.

खालच्या आळीतच गोजाबाईकडे तो भाड्यानं राहायचा. सायकल दामटत तो तिथे पोचला तेव्हा गोजाबाई अंगणात डाळ वाळत घालत होती. लख्ख ऊन पडलं होतं.

"मावशी, पाणी येऊलालंय! दिवेलागणीला कौलाला लागतंय बघा. म्हशी सोडा, वर माळावर चला."

"कोन म्हनतंय?"

"यंत्र."

"इमान पाडायचं त्ये? त्येला माझं घर कुटं दिसलं रं?"

"दिसतंय ओ मावशी. पाऊस तिकडं डोंगरात आहे."

"तुझं यंत्र डोंगरात जाऊन आलं व्हय?"

"नाही. दत्तोबा आहे तिथं."

"दत्तोबा! त्याला सवताचं घर गावत न्हाई, आन् माझं बुडनार ह्ये कळतंय!" गोजाबाईनं डाळ पसरली. "आमचं समदं गडी कांदा घिऊन चाकणच्या बाजाराला गेल्यात. त्ये आल्यावर बगू. बाजूला सर मुडद्या, माज्या उन्हात हुबा हायस."

आळीभर हेच उत्तर मिळालं, फक्त शिव्या वेगवेगळ्या. उद्धवराव तसाच तळावर परतला आणि मेजरसाहेबांना हाताला धरून यंत्रापाशी घेऊन आला. मेजरसाहेब उत्तरेकडचे, सरळ माणूस. त्यांनी काटा पाहिला, नदीच्या दिशेला पाहिलं, ऊन पाहिलं.

"उद्धवराव, कागज पे ये मशीन है ही नहीं. जे नाही, त्याच्या सांगण्यावरून मी फौज कशी हलवू?"

"साहेब, माणसं मरतील ओ."

"पुण्याहून कलेक्टरचा हुकूम पाहिजे. तो सोमवारी येणार. हां, कोणी डोळ्यांसमोर बुडत असेल तर हुकूम नाही लागत."

तेवढ्यात टेलिफोन वाजला. मेजरसाहेब जवळ होते, त्यांनीच उचलला.

"तीन पुरुष!" पलीकडून दत्तोबा ओरडला. "सायेब, पाणी तीन पुरुष झालं!"

मेजरसाहेबांचा चेहरा बदलला. "तीन पुरुष? पानी में?"

"व्हय, व्हय! हात वर करून! पुरं तीन, कमी न्हाई!"

"जिंदा हैं?"

"आं?" दत्तोबा म्हणाला, आणि तार तुटली.

मेजरसाहेब वळले. "तीन माणसं वाहून चालली आहेत. हात ऊपर करके. कुठे जातील?"

उद्धवरावानं तोंड उघडलं. मग ते मिटलं. मग मूठ तीन पुरुषांवर नेली आणि काट्याकडे पाहिलं.

"थेरगावला, साहेब. खालच्या आळीत. दिवेलागणीला पोचतील."

या बोलण्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

मग जे झालं ते मात्र बघण्यासारखं होतं. नावा, दोर, ट्रक, आणि सगळ्यांच्या पुढे स्वतः मेजरसाहेब. नावांना वाट हवी म्हणून आळी रिकामी करण्याचा हुकूम सुटला. जवानांना गोजाबाईची भाषा कळत नसल्यानं तिच्या शिव्या फुकट गेल्या. ती खाटेवरून उठेना, तेव्हा त्यांनी खाटेसकट तिला माळावर नेलं. मागून म्हशी, पोरं, बाया, डाळ. दोघा जवानांनी तर मारुतीसुद्धा उचलला.

दिवेलागण झाली. तांबडं पाणी आलं. आळीत शिरलं, दारं ओलांडली, चढत चढत कौलांच्या खालच्या कडेला लागलं, आणि थांबलं. काट्यानं सांगितलं होतं तिथेच.

गोजाबाईनं माळावर खाटेवर बसूनच आपल्या घराची कौलं शोधून काढली.

"त्येला माझं घर दिसलं रं, उद्धवा," ती म्हणाली.

आजवर ते यंत्र फक्त उद्धवरावाला आवडायचं.

मेजरसाहेब अजून पाण्याच्या कडेला दोर घेऊन उभे होते. "ते तीन पुरुष कुठे आहेत?"

"आळीत आज गडीच न्हाईत, सायेब," गोजाबाई म्हणाली. मग तिनं उद्धवरावाचं पांढरंफटक तोंड पाहिलं आणि बोट दाखवलं. "ऱ्हायलं म्हंजी... ह्यो रेडा. त्यो बोकड. आन् ह्यो मारुती."

मेजरसाहेबांनी तिघांकडे पाहिलं. मग बुडालेल्या आळीकडे, मग माळावरच्या पोराबाळांकडे. त्यांनी मारुतीला कडक सलाम ठोकला आणि अहवालात लिहिलं: पुरुष तीन, सर्व सुखरूप.

सोमवारी भंगाराची गाडी आली, आणि तिच्याबरोबर वरून विचारणाही आली. जे यंत्र अस्तित्वातच नाही, ते विमानाखेरीज अन्य लक्ष्यावर का वापरलं? गाडी फाटकाबाहेर उभी ठेवून उद्धवरावानं तिथल्या तिथे अर्ज लिहिला:

"सविनय विनंती की, शनिवारी सायंकाळी थेरगाव हद्दीतून विनापरवाना गेलेल्या पवना नदीस त्या दिवसापुरते शत्रूचे विमान समजण्यात यावे. सदर विमान यंत्राने अचूक हेरले असल्याने यंत्र भंगारातून वगळून कायम सेवेत घ्यावे. विमान पाडता आले नाही, याचा दोष यंत्रास देऊ नये, कारण तोफ दिलेली नव्हती. तसेच पुढील पुरापर्यंत दत्तोबाची उंची आहे तेवढीच ठेवण्याचे आदेश संबंधितांस व्हावेत, ही विनंती."