तीस दिवस प्रोयेत्तो

तोंडात चार टाचण्या धरून पाल्मा प्रोयेत्तो नगरपालिकेच्या सूचनाफलकासमोर उभी होती, आणि हातातल्या कागदावर तिला आपल्याच मुलाचं नाव दिसलं. रुज्जेरो प्रोयेत्तो याला यापुढे रुज्जेरो अल्तामुरा हे नाव लावायचं आहे. कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.

सव्वीस वर्षं गावातले लिलाव, लग्नं, पाणीकपात, सगळं तिनेच या फलकावर लावलं होतं. ती साधी शिपाईणच, पण तिच्या फलकावर कधी वाकडा कागद दिसला नव्हता.

"द्या इकडे, पाल्माबाई," दप्तरातला कारकून ओनोफ्रियो मागून हळूच म्हणाला. "वाऱ्याने उडाला म्हणू. तीस दिवस सलग लागला नाही की अर्ज बाद. कोणाला कळतंय?"

तिने टाचण्या तोंडातून काढल्या. "मला कळतंय ना! स्वतःचं नाव काय चोरून वाचवायचं?" असं म्हणून तिने चारही टाचण्या खुपसल्या. तिच्यामागे प्रोयेत्तो नाव लावणारा रुज्जेरो एकटाच होता.

रविवारी रुज्जेरो जेवायला आला. शिकून दातांचा डॉक्टर झालेला, पुढच्या महिन्यात वकिलाच्या मुलीशी लग्न. चण्याचा पास्ता तो नुसताच चिवडत बसला.

"अल्तामुरा हे नाव सासऱ्यांनीच सुचवलं, आई. त्यांनी शब्दकोश काढला. प्रोयेत्तो म्हणजे फेकून दिलेला. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. टेबलाभोवती हसू फुटलं."

"आणि तू?"

"मीही हसलो."

पाल्माला ते हसणं भरल्या ताटावर माती पडल्यासारखं लागलं. तिने गळ्यातली साखळी ओढून बाहेर काढली. तिला देवमातेच्या पदकाचा अर्धाच तुकडा होता, मधोमध कापलेला.

"माझ्या आजोबांना मठाच्या भिंतीतल्या फिरत्या चाकात, सोडून दिलेली पोरं आत घ्यायचे त्यात, कोणीतरी ठेवलं, तेव्हा हे त्यांच्या गळ्यात होतं. मठातल्या नन्सनी वहीत आडनाव लिहिलं प्रोयेत्तो. अरे, फेकायचंच असतं तर नदी जवळ होती! त्यांच्या आईने पदक कापलं, अर्धं स्वतःकडे ठेवलं. परत न्यायला येणार होती ती."

"पण आली नाही ना?"

"नाही आली. म्हणून पोर मेलं का? याच नावावर त्याने अर्ध्या गावाच्या विहिरी खणल्या. आणि तुझा बाप नाव द्यायच्या वेळी तोंड लपवून पळाला, तेव्हा मी कोणापुढे पदर पसरला? हेच दिलं तुला. फेकलेल्यांचं नाव आहे, पळालेल्याचं नाही!"

रुज्जेरोने मान वर केली. "मग घे ना हरकत."

"मुळीच नाही घेणार. धरून ठेवलेला माणूस माझ्या काय कामाचा? जायचंय तर जा. पण राजरोस जा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

त्या महिन्यात दक्षिणेचा वारा सुटला होता. रोज सकाळी पाल्मा टाचण्या घट्ट करायची. एकदा वादळात तर कागदावर तळहात दाबून ती तासभर तशीच उभी राहिली. जाणारे-येणारे आधी कागद वाचत, मग तिच्याकडे बघत. तीही त्यांच्याकडे बघे, डोळे न वळवता.

"आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेताय," ओनोफ्रियो चिडून म्हणाला.

"पाय माझाच आहे," ती म्हणाली.

एकतिसाव्या दिवशी रुज्जेरो कागद घ्यायला आला. कागदाच्या मागच्या बाजूला शिपायाचा दाखला लागतो. एरवी ती दोन अक्षरं खरडून मोकळी व्हायची.

"लवकर कर, आई. गाडी उभी आहे."

पाल्मा खुर्चीवर बसली, चष्मा पुसून लावला आणि सावकाश लिहू लागली. 'हा कागद तीस दिवस जागेवर होता.' खाली तिने पूर्ण सही केली, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत: पाल्मा प्रोयेत्तो.

रुज्जेरोने हात पुढे केला, पण त्या सहीवर नजर जाताच हात हवेतच थांबला.

"थांब," ती म्हणाली. "शाई ओली आहे अजून. पुसली जाईल."